कचरा गेला, पाण्याचं काय?

प्रश्न : भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला विषारी कचरा पीथमपूरला नेऊन जाळला, असं वाचलं. मग आता तिथल्या बोअरचं पाणी प्यायला हरकत नसावी ना? आणि १९८४ चा वायू इतकी वर्षं जमिनीखालच्या पाण्यात टिकलाच कसा?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. पाण्यात तो वायू नाहीच. मिथाइल आयसोसायनेट पाण्यात टिकत नाही, त्याचं विघटन होतं. पाण्याचं दुखणं वेगळं आहे आणि वायुगळतीच्या त्या रात्रीपेक्षा जुनं आहे. कारखाना १९६९ ला सुरू झाला. कीटकनाशकं बनवताना उरणारा गाळ, डांबरासारखे अवशेष, वापरून झालेले द्रावक आवारातच टाकले, पुरले जात. १९७७ च्या सुमारास सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी उत्तरेला तळी बांधली. त्यांच्यातून गळती होते आहे, हे १९८२ मध्येच कंपनीच्या पत्रव्यवहारात आलं होतं. म्हणजे वायुगळती झालीच नसती, तरी आजूबाजूचे हातपंप नासलेच असते.

आता कचऱ्याचं. जून २०२५ अखेर जाळून झाला तो ३३७ टन. आवारातून गोळा करून, पोत्यांत भरून गोदामात ठेवलेला. नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० साली दूषित मातीचा अंदाज दिला होता तो सुमारे ११ लाख टनांचा. गेलेल्या कचऱ्याच्या तीन हजार पटींहून जास्त! ती माती तिथेच आहे.

भोपाळची जमीन आपल्याला परकी नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाचं टोक तिथवर पोचतं आणि विंध्य पर्वताचा वालुकाश्मही तिथे आहे. कारखान्याखाली वर काळी, मग पिवळसर चिकणमाती. चिकणमाती पाणी सहजी झिरपू देत नाही, म्हणून खालचं पाणी सुरक्षित असेल, असा युक्तिवाद होतो. मला तो अर्धाच पटतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. शिवाय वस्तीत बोअर मारताना पाइपाच्या बाहेरची पोकळी नीट बुजवली नाही, तर आपणच वरची घाण खाली उतरायला वाट करून देतो. चिकणमातीखालच्या खडकात पाणी भेगांमधून, सांध्यांमधून पळतं. शेजारशेजारच्या दोन बोअरपैकी एक बरं आणि एक दूषित निघतं ते यामुळेच.

त्यात क्लोरीनयुक्त द्रावकांचा स्वभाव वाईट. रॉकेल पाण्यावर तरंगतं. कार्बन टेट्राक्लोराइड मात्र पाण्याच्या दीडपटीहून जड, तळाला जाऊन बसतं. विरघळतं अगदी थोडं, पण विषारी ठरायला तेवढंही पुरे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे ४ मायक्रोग्रॅम. हिशेब मांडून पाहा : एक लिटर द्रावक जवळपास ४० कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. आवारातल्या पाऱ्याचं उलट. तो बहुतेक मातीलाच धरून बसतो, पण पावसाच्या लोंढ्याबरोबर ती मातीच वाहते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, ते पाणी पिऊ नये. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवायला सांगितलं, ती गरज कचरा हलवल्याने संपलेली नाही.

सफाई करायची तर आधी दूषित माती काढायला किंवा बंदिस्त करायला हवी, मग पाणी उपसून, शुद्ध करून सोडायचं. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण वरून भर पडतच राहते. उपसा सुरू असताना नमुने बरे येतात, तेव्हाही लगेच हुरळून जायचं नसतं. इतकी वर्षं चिकणमातीत आणि खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं रसायन पंप थांबला की हळूहळू पुन्हा बाहेर येतं. म्हणून पंप बंद करून, निदान दोन-तीन पावसाळे जाऊ देऊन घेतलेले नमुनेच खरे मानायचे.