बोअर घेताना फेसाचा वापर : उपयोग आणि दक्षता

हिंगोली जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला, की हळदीची लागवड व फळबागा वाचविण्यासाठी अनेक शेतकरी बोअर घेतात. खोदकाम फुटावर मोजले जाते, त्यामुळे चुकीच्या अंदाजाचा भुर्दंड शेतकऱ्यावरच पडतो. मशीनवाले कधीकधी बोअरमध्ये फेस सोडतात. तो कशासाठी सोडतात आणि त्या वेळी काय पाहावे, याची माहिती प्रत्येक बागायतदारास असावी.

फेसाची गरज केव्हा पडते?

आपल्याकडील मशीनमध्ये हवेच्या दाबाने हातोडा खडक फोडतो. तीच हवा दांडा व बोअरची भिंत यांमधील फटीतून भुकटी वर आणते. त्यासाठी हवेचा वेग मिनिटाला साधारण ९०० मीटर लागतो. १६५ मि.मी. बोअर, ११४ मि.मी. दांडा व मिनिटाला ४५० घनफूट हवा देणारा कॉम्प्रेसर असल्यास वेग सुमारे ११०० मीटर मिळतो. मात्र भुसभुशीत मुरूम ढासळून बोअर २५० मि.मी. रुंद झाले, तर तेथे वेग ३३० मीटरपर्यंत उतरतो व भुकटी वर येत नाही.

दुसरी अडचण ओलाव्याची. थोडासा पाझर लागला, की भुकटीचा चिखल होऊन भिंतीला कडे धरतो व दांडा अडकतो. दोन लाव्हा थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यात हा धोका अधिक असतो. अशा वेळी पाण्यात फेसद्रव मिसळून ते मिश्रण हवेबरोबर आत सोडतात. दाढीच्या साबणासारखा घट्ट फेस हवेच्या एक दशांशाहून कमी वेगानेही भुकटी उचलतो.

तेलविहिरीतही हेच तत्त्व

तेल व वायूच्या विहिरी सामान्यतः चिखलद्रवाने खोदतात. परंतु कमी दाबाच्या थरात जड द्रव भेगांत शिरतो व त्या बुजतात. ६० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो दाब देतो. फेस बहुतांश हवेचा असल्याने त्याचा दाब कितीतरी कमी पडतो. तेथे ज्वलनशील वायूमुळे स्फोटाचा धोका असल्याने हवेऐवजी नायट्रोजनही वापरतात.

फेस म्हणजे पाणी नव्हे

बोअरमधून फेस उसळताना भरपूर पाणी लागल्याचा भास होतो. समजा, मिश्रण मिनिटाला २० लिटर सोडले, तर तासाला १२०० लिटर पाणी टाकीतलेच बाहेर येते. ते वजा न करता अंदाज बांधून मोटार व पाइप खरेदी केल्यास खर्च वाया जातो. उलट, पाणी खरोखरच जास्त लागले तर फेस पातळ होऊन मोडतो. मग फेस वाढविण्यात अर्थ नसतो.

घ्यावयाची दक्षता

१. खोदकामासाठी बनविलेले, निसर्गात विघटन होणारे फेसद्रवच वापरावे. कपडे धुण्याची पावडर किंवा डिझेल बोअरमध्ये टाकू देऊ नये.

२. प्रमाण उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ठेवावे. सामान्यतः १०० लिटर पाण्यास अर्धा ते एक लिटर पुरते.

३. वरचा भुसभुशीत थर संपून पक्का खडक लागेपर्यंत केसिंग बसवावे. फेस हा केसिंगला पर्याय नाही.

४. खोदकाम संपल्यावर फेस बंद करून पाणी निवळ व फेसरहित येईपर्यंत नुसत्या हवेने बोअर धुवावे. हे पाणी जनावरांना पाजू नये.

५. त्यानंतरच पाणी मोजावे. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली, तर पाणी तासाला २७०० लिटर समजावे. दुसऱ्या दिवशी पंप काही तास चालवून पातळी किती उतरते, ते पाहूनच मोटार निवडावी.

खोलीची मर्यादा

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार शेतीसाठी ६० मीटर वा अधिक खोल विहीर घेण्यावर बंधन आहे. जागा ठरविण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा व मशीन नोंदणीकृत असल्याची खात्री करावी. फेसामुळे अडलेले खोदकाम पुढे सरकते, पण खडकात नसलेले पाणी त्याने येत नाही. म्हणून जुन्या बोअरचे पुनर्भरण व ठिबक सिंचन यांवर शेतकरी बंधूंनी आधी खर्च करावा.