थंडीत डिझेल गाडी सुरू होत नसेल तर...

निफाड परिसरात हिवाळ्यात काही वेळा पारा 5 अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. अशा पहाटे माल भरून उभा असलेला टेम्पो किंवा ट्रक सुरू झाला नाही, तर बाजाराची वेळ चुकते. घाईत सलग स्टार्टर मारला जातो, बॅटरी उतरते आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून प्रथम दोष ओळखावा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा खूप तापते आणि तीत फवारलेले डिझेल पेट घेते. थंडीत वंगण तेल घट्ट होते व बॅटरीची ताकद घटते. इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे हवा पुरेशी तापत नाही.

स्टार्टर मारताना इंजिनाचा वेग आणि सायलेन्सरचा धूर, या दोन गोष्टी पाहाव्यात.

1) इंजिन सावकाश फिरते : दोष बहुधा बॅटरीकडे असतो. टर्मिनलवरील पांढरा थर गरम पाण्याने धुऊन जोड घट्ट करावेत. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्लाची घनता सुमारे 1.26 ते 1.28 असते. ती 1.22 पेक्षा कमी असल्यास बॅटरी चार्ज करावी. उत्पादकाने शिफारस केलेल्या श्रेणीचेच तेल वापरावे.

2) जोमाने फिरते, पण धूर नाही : डिझेल पोहोचत नाही. टाकीतील डिझेल, इंजिन बंद करण्याची दोरी व फिल्टर पाहावा. फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे. जुन्या पद्धतीच्या पंपात हवा शिरली असल्यास फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळावा. कॉमन रेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्या मात्र स्वतः सोडू नयेत. त्या धारेने गंभीर इजा होते.

3) जोमाने फिरते, पांढरा धूर येतो : डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. हीटर प्लग असल्यास डॅशबोर्डवरील त्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर मारावा. तरीही तसेच झाल्यास प्लग तपासावेत. प्लग ठीक असल्यास नोझल व कॉम्प्रेशन मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

स्टार्टर एका वेळी 10 ते 15 सेकंदच मारावा व मध्ये किमान एक मिनिट थांबावे.

काही जण टाकीखाली जाळ करतात किंवा हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरतात. असे कदापि करू नये. यात गाडीबरोबर माणूसही भाजतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवाराही मारू नये. स्फोट होऊन इंजिन फुटू शकते.

दिवाळीनंतर, थंडी वाढण्याआधी, बॅटरी, फिल्टर व हीटर प्लग एकदा तपासून घ्यावेत. त्यात गेलेला अर्धा दिवस हंगामात नक्कीच भरून निघेल.