‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं’

मराठी घरांत मासिक पाळीसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. ‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’, ‘अडचण आली’ हे वाक्प्रचार आजही कानी पडतात, परंतु त्यांतून बाई घरात कुठे बसली आणि कशाला शिवली नाही एवढेच कळते, रक्त किती गेले हे कळत नाही. शरीराविषयी थोडेफार बोलणारा ‘अंगावरून जाणे’ हा प्रयोगही बिनमापाचाच आहे. जास्त म्हणजे किती, हे ज्या त्या घरातील बायकांच्या अनुभवावरून ठरते आणि नेमकी तिथेच फसगत होते, कारण अतिरक्तस्रावाचे एक कारण आनुवंशिक असून ज्या घरात ते वास करते त्या घरात तोच नेम समजला जातो.

हे कारण म्हणजे फॉन विलेब्रांड विकार. रक्तवाहिनीला इजा झाली की रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, त्या जागी चिकटून बसाव्यात यासाठी एक विशिष्ट प्रथिन लागते. ते कमी किंवा सदोष असले की रक्त थांबण्यास वेळ लागतो. हा सर्वांत अधिक आढळणारा आनुवंशिक रक्तस्रावविकार असून मुलगे व मुली दोघांतही तो उतरतो, मात्र दरमहा रक्त जाणे स्त्रियांच्याच वाट्याला असल्याने त्याचा जाच त्यांना अधिक होतो. एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडमधील वैद्याने १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील ज्या कुटुंबावरून त्याचे वर्णन केले, त्यातील एक मुलगी पुढे तेराव्या वर्षी, अवघ्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने दगावली.

प्रस्तुत लेखिकेची पाळी पंधराव्या वर्षापासून नऊ-नऊ दिवस चाले. पॅडवर सुती कापडाची घडी ठेवून, अंथरुणात जुने धोतर घालून ती रात्र काढी, आणि आई, मावशी व आजी या तिघींचे उत्तर ठरलेले असे, की आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं. जिने चढताना तिला धाप लागू लागली, डब्यातले कच्चे तांदूळ ती मुठीने खाऊ लागली, तेव्हा ‘लग्नात पाऊस पडेल’ अशी थट्टा झाली. अन्न नसलेले पदार्थ किंवा कच्चे धान्य खाण्याची अशी ओढ हे शरीरातील लोह घटल्याचे लक्षण असू शकते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. हिमोग्लोबिन ७ भरले, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, पण रक्त जाते कुठे हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही आणि तिने लाजेने सांगितले नाही. बाविसाव्या वर्षी दाढ काढल्यावर रात्रभर रक्त थांबेना, तेव्हा दंतवैद्याने पाळीविषयी विचारले. सात वर्षांत तो प्रश्न प्रथमच विचारला गेला, आणि तोही दातांच्या दवाखान्यात.

पाठ्यपुस्तकांत एका पाळीतील ८० मिलिलिटरहून अधिक रक्तस्राव अति मानला जातो, परंतु घरी तो कोणी मोजून पाहत नाही. म्हणून पाळी सात दिवसांपुढे जाणे, पॅड तासा-दोन तासांत भिजणे, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणे या खुणा व्यवहारात अधिक कामाच्या ठरतात. ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहिला जातो, त्याच चौकटीत दिवसाला किती पॅड लागले हा आकडा लिहिला तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. सोबत घोळणा वारंवार फुटतो का, किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग उठतात का, आणि बाळंतपणात किंवा दात काढताना घरात कुणाला फार रक्त गेले का, हेही सांगावे. नेहमीच्या रक्ततपासणीत बिंबिकांची संख्या ठीक दिसते व विकार निसटतो, त्यामुळे या प्रथिनाची वेगळी चाचणी करावी लागते. ताणतणाव, गर्भारपण आणि संप्रेरकांच्या गोळ्या यांनी त्याचे प्रमाण तात्पुरते वाढत असल्याने कधी ती पुन्हाही करावी लागते. पोटदुखीवर औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक आम्लासारख्या गोळ्या, तसेच ॲस्पिरिन, बिंबिकांचे काम मंद करतात, म्हणून या विकाराचा संशय असताना त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, संप्रेरकांच्या गोळ्या व डेस्मोप्रेसिन हे उपाय उपलब्ध आहेत. कोणता कुणाला, हे रक्तविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते.

‘आईलाही असंच व्हायचं’ हे वाक्य दिलासा म्हणून नव्हे, तर रोगाच्या इतिहासातील पहिली नोंद म्हणून ऐकावयास हवे. लेखिकेच्या आईची गर्भपिशवी ‘अंगावरून फार जातं’ म्हणून अडतिसाव्या वर्षी काढली गेली होती. तिच्या रक्तातील या प्रथिनाची चाचणी मात्र लेकीचे निदान झाल्यानंतर, सत्तेचाळिसाव्या वर्षी, प्रथमच झाली, आणि तिच्यातही दोष आढळला.