पानाचे माप आणि वॉटरमार्क

पांढुर्णा-सौंसर भागातून रुग्ण नागपूरला पाठविताना मी केसपेपर, ईसीजी व अहवाल स्कॅन करून एकच पीडीएफ करतो आणि त्यावर ‘गोपनीय’ असा वॉटरमार्क देतो. त्यातील पाने सारखी नसतात. पीडीएफमध्ये ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए-फोर सुमारे ५९५ × ८४२, तर लेटर ६१२ × ७९२ पॉइंट. पहिल्या पानाचे माप सर्वांना लावल्यास शिक्का भलतीकडे सरकतो. ०.५ मिलिग्रॅममधील दशांशचिन्ह झाकले गेले, तर मात्रा दहापट वाचली जाईल! म्हणून सॉफ्टवेअरने प्रत्येक पानाचे माप व दिशा स्वतंत्रपणे वाचावी. स्कॅनच्या मागे ठेवलेला शिक्का चित्राखाली दडतो. तो वरच, परंतु फिकट आणि समासात असावा. पाठविण्यापूर्वी प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे, ही व्यवसायबंधूंना विनंती.