गोष्टीतली माणसं जिवंत कशी होतात?

मित्रांनो, आपण गोष्ट लिहायला बसलो की पहिलीच ओळ लिहितो, 'राजू फार गुणी मुलगा होता.' पुढे सगळे त्याला शाबासकी देतात आणि गोष्ट संपते. पण वाचणाऱ्याला राजू दिसतच नाही. मग मोठे लेखक काय करतात?

साने गुरुजींचे 'श्यामची आई' घेऊ. आपल्या आळेफाट्यावरून नाशिकला रस्ता जातो. त्याच नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली गुरुजींनी हे पुस्तक लिहिले. १९३५ साली ते छापून आले. श्याम रोज रात्री मित्रांना आईची आठवण सांगतो, अशा त्यात ४२ रात्री आहेत.

१) कृतीतून स्वभाव : एकदा आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील मुकाट्याने जेवतात. आईला वाईट वाटू नये म्हणून ब्रसुद्धा काढत नाहीत. आई स्वतः जेवायला बसते, तेव्हा तिला कळते. 'वडील प्रेमळ होते' असे वेगळे लिहावेच लागत नाही.

२) गुणाबरोबर दोषही : श्याम पाण्याला भितो. पोहायला नको म्हणून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मार देते आणि विहिरीवर धाडते. नंतर तीच त्याला मायेने समजावते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, एवढंच तिला हवं असतं. राग आणि माया एकाच आईत दिसतात, म्हणून ती आपल्या घरातली वाटते.

३) संकटात पारख : घरावर कर्ज होते, जप्ती येते. वसुलीला आलेला माणूस वेडंवाकडं बोलतो, तेव्हा हीच शांत आई त्याला खडसावते. सोने जसे आगीत कळते, तसे माणूस अडचणीत कळते.

आता आपण करून पाहू. 'माझे वडील कष्टाळू आहेत' असे लिहू नका. बाजारात कांद्याला भाव मिळाला नाही, त्या संध्याकाळी ते घरी येऊन आधी काय करतात? कुणाशी बोलतात? जेवतात का? जे पाहिलं तेवढंच लिहा. कष्टाळू हा शब्द वाचणारा आपणच म्हणेल.

आणि पालकहो, मुलाने असे काही लिहिले तर रागावू नका. त्याने तुमच्याकडे नीट पाहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ!