गुडघ्याच्या आतल्या बाजूची पट्टी

प्रश्न : आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. शाळेच्या ज्यूदो क्लबमध्ये लेकीचा गुडघा आत वाकून मुरगळला. आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलंय म्हणे. आता ऑपरेशनच का? – एक आई

उत्तर : ताई, घाबरू नका. ऑपरेशनच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्या बहुतेक सांध्याच्या पोटातल्या क्रूशिएट लिगामेंटच्या असतात. लेकीचं आतल्या बाजूचं लिगामेंट म्हणजे सांध्याबाहेरची चपटी पट्टी. ती मांडीच्या हाडावरून निघते आणि सांध्याच्या सुमारे ६ सेंटिमीटर खाली नडगीच्या हाडाला चिकटते. तिला रक्तपुरवठा चांगला असल्यामुळे अर्धवट फाटलेली पट्टी बहुधा आपोआप जुळते. काही आठवडे बिजागरीचा ब्रेस आणि फिजिओथेरपी लागते.

तिचा खोल थर मात्र गुडघ्यातल्या गादीला जोडलेला असतो. त्यामुळे गुडघा अडकत किंवा डळमळत असेल, तर एमआरआय करून घ्या.

जवळच्या सेक्कोत्सुइनमधले (हाडं-सांधे बसवण्याच्या दवाखान्यातले) ज्यूदो-सेइफुकुशी, म्हणजे जपानी हाडवैद्य, मुरगळण्यावर कायद्यानेच उपचार करू शकतात, पण एक्स-रे काढू शकत नाहीत. वाढत्या वयात हाडाच्या वाढीच्या चकतीलाही इजा झालेली असू शकते, म्हणून आधी सेइकेइ-गेका, म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञच गाठा. डॉक्टर सांगेपर्यंत सेइझा घालून, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसणंही नको.