उताराची थंडी

ज्या मुलखात पौषाच्या पहाटेसही एका चादरीवर निभावते, त्या मुलखातील माणसास थंडीविषयी सावध करावयाचे म्हणजे प्रथम ती थंडी खरोखरच आहे हे त्याला पटवून द्यावे लागते. केळवे, सातपाटी, तारापूर, चिंचणी ही सारी गावे समुद्राच्या आश्रयाने राहतात. पाणी आपली ऊब सावकाश सोडीत असते, आणि त्यामुळे डहाणूस जानेवारीच्या पहाटेचा पारा सरासरीने १६-१७ अंशांच्या आसपासच रेंगाळतो. परंतु याच पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस, किनाऱ्यापासून सायकलीच्या एका मजलेवर, जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पायऱ्यांवर वसलेले आहेत. तेथे समुद्राचा आश्रय संपतो, निरभ्र रात्री जमीन आपली सारी उष्णता आकाशात सोडून देते, आणि पालघरच्या फाटकापाशी अंगाला सुखद वाटणारी हवा त्या डोंगरात पहाटेच्या प्रहरी हाडापर्यंत शिरते. जव्हार समुद्रसपाटीपासून १५०० फुटांच्या आसपास उंच. हिमालयाच्या मानाने ही उंची ती काय, असे कोणीही म्हणेल, आणि या म्हणण्यातच धोका आहे.

आमच्या भागातील सायकलस्वारांचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. भाताची कापणी उरकत आलेली असते, रस्ते कोरडे होतात, आणि चार महिने भिंतीला टेकून ठेवलेल्या सायकलींच्या साखळ्यांस तेल पडते. लांब पल्ल्याच्या ऑडॅक्स मजलांचे वर्षही नोव्हेंबरातच उघडते. २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरे करावयाचे असा त्यांचा दंडक, आणि बोईसरच्या कारखान्यांतील कित्येक तरुण दिवाळीचे दिवे विझण्यापूर्वीच त्या मुदतीच्या तयारीला लागतात. ही उमेद मला मनापासून प्रिय आहे. तिच्यावर पाणी ओतावे म्हणून नव्हे, तर ती माघ-फाल्गुनापर्यंत टिकावी म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात आम्ही तिघे पालघरहून जव्हारला निघालो. वाघोबा खिंड, मनोर, विक्रमगड आणि मग जव्हारचा घाट, असा सुमारे ७० किलोमीटरांचा हा रस्ता. आमच्यातील सर्वांत तरुण सोबत्याची त्या दिवशी दुसरी पाळी असल्याने दुपारच्या आत बोईसर गाठणे त्याला प्राप्त होते, आणि म्हणून मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला तोच आम्ही बाहेर पडलो. पालघरात हवा मऊ होती. त्याच्या अंगात सुती बनियन आणि वर अर्ध्या बाह्यांचा सदरा, एवढाच सरंजाम होता. घाट तो फार सुरेख चढला. अरुणोदयापूर्वी जव्हारच्या टपरीपाशी सायकल लावली तेव्हा त्याच्या सदऱ्यातून घाम निथळत होता आणि अंगातून वाफा निघत होत्या. चहाचे दोन पेले होईतो आम्ही बाकावर बसलो. निघतेवेळी मी माझ्याजवळचे जास्तीचे विंडचीटर पुढे केले, तर तो हसून म्हणाला, “काका, आता काय, उतारच आहे. दम लागायचा नाही, गाडी आपोआप जाईल.”

उतार लागून फारसे अंतर गेले नव्हते, तोच त्याच्या सायकलीचा मागचा दिवा माझ्या डोळ्यांसमोर डावी-उजवीकडे हेलकावू लागला. प्रथम वाटले, रस्त्यावरील खडी चुकवीत असावा. मग ध्यानात आले की त्याचे सारे अंग कापत होते, आणि तो कंप हातांतून हँडलमध्ये व हँडलमधून पुढल्या चाकात उतरत होता. पुढे वळण होते. मी ओरडलो, त्याने ब्रेक दाबण्यासाठी बोटे मिटली, पण ती पुरती मिटेनात. दैव बलवत्तर म्हणून वळणाच्या अलीकडे रस्त्याची डोंगराकडची कड रुंद आणि मातीची होती. तीत त्याने सायकल घातली आणि तो कलंडला. खरचटण्यावर निभावले. उठून बसला तेव्हा त्याचे शब्द जिभेवर अडखळत होते, हेल्मेटचा पट्टा सोडविणे त्याला साधत नव्हते, आणि “मला काही झाले नाही” हे एकच वाक्य तो पुनःपुन्हा म्हणत होता. जवळच एक वारली घर होते. तेथल्या म्हाताऱ्या बाईंनी काही एक न विचारता शेकोटीत दोन लाकडे सारली, घोंगडी आणून दिली, आणि गुळाचा कोरा चहा उकळून पुढे ठेवला. आम्ही त्याची ओली वस्त्रे उतरवली, अंग कोरडे केले, कोरडे कपडे घातले. हातपाय जोराने चोळण्याचा मोह आवरला, कारण गारठलेल्या शरीरास प्रथम छाती-पोटाशी ऊब हवी असते. सूर्य चांगला वर येईपर्यंत तेथून हललो नाही. त्या दिवशीची पाळी बुडाली; पुढे काय बुडाले असते, हे सांगावयास नको.

हे असे का घडले, त्याचे कारण एकदा समजले म्हणजे बंदोबस्त कठीण नाही. सायकल चालविताना शरीर जी शक्ती खर्च करते तीपैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली सारी उष्णतेच्या रूपाने अंगात राहते. चढावर ही उष्णता इतकी असते की दहा अंशांच्या हवेतही माणूस घामाने भिजतो. शिखर येते, पाय थांबतात, आणि भट्टी विझल्याप्रमाणे ती उष्णता एकाएकी बंद होते. मात्र अंगावरचा घाम तसाच असतो, आणि एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून ओढून नेतो. त्यात उताराचा वेग मिळतो. हवा दहा अंशांची असून ताशी ४० किलोमीटरांचा वारा अंगावर येऊ लागला, की उघड्या कातडीला ती सहा अंशांसारखी भासते. हाताची बोटे तर हँडलवर सर्वांच्या पुढे, वाऱ्याच्या थेट तोंडी. शरीर आतली ऊब राखण्यासाठी प्रथम बोटांचेच रक्त आखडून घेते, आणि ज्या क्षणी ब्रेकांची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ब्रेक धरणारा हात निकामी होतो. चढणीत माणूस दमतो, पण दमलेला माणूस थांबतो. उतारावर गारठलेल्या माणसाला थांबणेच साधत नाही.

जगातील मातब्बर सायकलपटूंनाही हा धडा उतारानेच शिकविला आहे. ५ जून १९८८ रोजी इटलीच्या महाशर्यतीत, जिरो दिटालियात, गाव्हिया नावाची २६०० मीटरहून अधिक उंच खिंड हिमवृष्टीत ओलांडावी लागली. योहान व्हान डर व्हेल्डे हा डच स्वार अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात सर्वांच्या आधी माथ्यावर पोहोचला. परंतु पलीकडच्या उतारावर त्याला इतके कापरे भरले की वाटेत आसरा घ्यावा लागला, आणि मुक्कामी येईतो त्याचा पाऊण तासाहून अधिक वेळ गेला. त्याच दिवशी अँडी हॅम्पस्टेन या अमेरिकनाने शर्यतीची आघाडी पटकावली व पुढे शर्यतही जिंकली. त्याच्या पथकाच्या चालकांनी हवामानाचा रंग ओळखून उबदार कपडे आणि जाड हातमोजे आधीच खरेदी करून घाटात पोहोचविण्याची तजवीज केली होती. दोघांच्या पायांत सामर्थ्य होते. अंतर पडले ते हातमोज्यांच्या तजविजीने. १९८० च्या एप्रिलात बेल्जममधील लिएज-बास्तोन-लिएज ही शर्यत बर्फात पार पडली, तेव्हा १७४ स्वारांपैकी केवळ २१ जण अखेरपर्यंत पोहोचले, आणि विजेत्या बर्नार इनोच्या दोन बोटांना जडलेली व्यथा पुढे जन्मभर राहिली.

आपल्या घाटात बर्फ पडत नाही, तेव्हा आपला सरंजामही साधाच असावा. अंगाला लागून सुती बनियन नको. सूत घाम पिते आणि ओलेच राहते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ वस्त्र आत, त्यावर सदरा; आणि मुठीत मावेल असे विंडचीटर मागच्या खिशात. चढ सुरू होण्यापूर्वीच सदऱ्याची चेन उघडावी, वेग थोडा कमी ठेवावा, म्हणजे माथ्यावर आपण कोरडे पोहोचतो. घाम न येऊ देणे हीच थंडीवरची पहिली खबरदारी. माथ्यावर टपरी दिसली की बसण्याआधी अंगात विंडचीटर चढवावे, बसल्यावर नव्हे. जास्तीचे कोरडे बनियन बरोबर असेल तर ते तेथेच बदलावे. काहीच नसेल तर वर्तमानपत्राची चौघडी छातीवर सदऱ्याच्या आत घालावी. युरोपातील घाटांच्या माथ्यावर प्रेक्षक स्वारांच्या हाती वर्तमानपत्रे देत, ती वाचण्यासाठी नव्हे. पूर्ण बोटांचे हातमोजे, कान झाकणारी पातळ टोपी आणि गुडघे झाकणारी विजार, एवढे असले म्हणजे जव्हारची पहाट सुसह्य होते. आणि पाणी प्यावे. थंडीत तहान लागत नाही, पण शरीरातील पाणी मात्र घामावाटे, श्वासावाटे आणि लघवीवाटे जातच असते.

गुडघ्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण हंगामाच्या प्रारंभी सर्वाधिक तरुण तेथेच अडतात. चार महिन्यांच्या विश्रांतीनंतर छातीचा भाता तीन-चार आठवड्यांत पूर्ववत होतो; स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरांस रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असल्याने त्यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. दम पुरतो म्हणून स्वार जड गिअर ओढू लागतो, आणि गार हवेत गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेमागे ठणका सुरू होतो, तो संक्रांतीपर्यंत पाठ सोडीत नाही. म्हणून कार्तिकात घाटाचे नाव काढू नये. बोईसरहून तारापूर, चिंचणी, वरोर करीत डहाणूपर्यंत, किंवा पालघरहून माहीम-केळव्याकडे, असे सपाट रस्ते आपल्या दारात आहेत. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच जोराने, हलक्या गिअरवर, पायडलचे मिनिटाला ८०-९० फेरे ठेवून ते तुडवावेत. डहाणूकडे जाताना या दिवसांत उत्तरेचा वारा बहुधा सामोरा येतो, आणि हा वाराच आपला पहिला घाट. तो चढताना रस्ता उतरत नाही, हा त्याचा मोठा गुण. पहाटे जमिनीवरून वाहणारे मतलई वारे आणि दुपारनंतरचे खारे वारे यांचा अंदाज घेऊन परतीची वेळ नेमावी.

रस्त्याचेही काही धर्म आहेत. पावसाने डोंगरातून वाहून आणलेली बारीक खडी वळणांच्या आतल्या अंगाला पौषापर्यंत पडून असते. वळणात शिरण्यापूर्वीच वेग मोडावा, वळणात ब्रेक आवळू नये, आणि लांब उतारावर ब्रेक सतत घासत न ठेवता दाबावा-सोडावा, म्हणजे बोटांतही रक्त खेळते राहते. मासवणच्या बाजूला सूर्येच्या खोऱ्यात पहाटे धुके साचते. चिल्हारकडून येणाऱ्या रस्त्यावर औद्योगिक वसाहतीचे टँकर आणि मनोरला महामार्गाची अवजड वाहतूक रात्रंदिवस चालू असते, तेव्हा मागचा तांबडा दिवा व पाठीवरचा चकाकता पट्टा यांत हयगय नको. पूर्वेकडे जाणाऱ्या स्वाराने आणखी एक ध्यानात ठेवावे. डिसेंबरअखेरीस सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि उगवल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास तो मागून येणाऱ्या वाहनचालकाच्या थेट डोळ्यांत असतो. त्याला आपण दिसत नाही. हा काळ वाघोबाच्या देवळापाशी चहा पिण्यात घालविलेला बरा.

या डोंगररस्त्यांची थोरवी कमी लेखू नये. शिवछत्रपतींनी १६६४ च्या आरंभी सुरतेवर जाताना जव्हारजवळच्या शिरपामाळावर मुक्काम केला, असे परंपरा सांगते. म्हणजे ऐन थंडीचाच तो मोसम. जव्हारहून हाच रस्ता मोखाड्यावरून त्र्यंबक व नाशिकला जातो, आणि त्या नाशिकच्या महेंद्र व हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिकेची एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या पथकाने पुरी केली. त्या वाटेवर मोहाव्हीसारखी वाळवंटे आहेत आणि रॉकी पर्वतातील ३००० मीटरहून उंच खिंडीही आहेत. एकाच शर्यतीत दोन्ही ऋतू अंगावर घेण्याची सिद्धता सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्यांना करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पालघर-बोईसरच्या मुलांनीही तशी करावी, अशी माझी उत्कट इच्छा आहे.

तेव्हा जव्हारला अवश्य जावे; पण पहिल्या खेपेस सूर्योदयानंतर पालघर सोडावे, म्हणजे घाट चढून माथ्यावर पोहोचेतो ऊन पसरलेले असते आणि उतार उबेत होतो. एकट्याने जाऊ नये. सोबती अकारण गप्प झाला, शब्द चुकू लागला, किंवा त्याला सदऱ्याची चेन ओढता येईना, तर त्याचे “काही झाले नाही” हे म्हणणे प्रमाण मानू नये, त्याला तेथेच थांबवावे. ज्याला दुसऱ्या पाळीमुळे दुपारी बोईसरला हजर व्हावयाचे आहे, त्याने त्या दिवशी जव्हारचा बेतच करू नये. वाघोबा खिंड पालघरच्या बाजूने चढून मासवणकडे उतरावी, पुन्हा उलट चढावी, आणि पायांत जोर असेतो हेच करावे. चढ पुरेसा मिळतो, उतार अंग गारठण्यापूर्वी संपतो, आणि आंघोळ करून पाळीवर जाण्याइतका वेळही हाती राहतो.